स्टुडिओची चावी

ओहायो राज्यात गँबियर नावाचं एक खेडं आहे. तिथे केन्यन कॉलेज आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या वसतिगृहाच्या एका खोलीत दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा छताखाली उताणा पडून रंगवत होता. पलंगावर दोन खुर्च्या रचलेल्या, त्यांच्यावरून कपाटाच्या माथ्यापर्यंत एक टेबल आडवं टाकलेलं आणि त्या टेबलावर हा पठ्ठ्या. खालून रूममेट रंग वर देतोय. नाकासमोर दोन फुटांवर मायकेलअँजेलोचा आदम आकार घेतोय. कलेतिहासाच्या पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून चौकटी आखून तो छतावर उतरवायचं काम काही महिने चाललं आणि वर्ष संपत आलं तेव्हा कुठे पुरं झालं. मग त्याने वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांकडे परवानगी मागितली. ती मिळालीही. अट एवढीच की वर्षअखेर छत पुन्हा पूर्वीसारखं करून द्यायचं.

मुलाचं नाव बिल वॉटरसन. पुढे 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही चित्रमालिका काढणारा तो हाच. १९९० साली केन्यनच्या पदवीदान समारंभात भाषण करायला आला तेव्हा हा किस्सा त्यानेच सांगितला. तो स्वतः तिथून १९८० साली बाहेर पडला होता, आणि पदवी घेतली होती राज्यशास्त्रात.

लिबरल आर्ट्‌स कॉलेजांचं कौतुक करताना हा किस्सा हमखास येतो. बघा, राज्यशास्त्र शिकूनही माणूस चित्रकार होतो! खरं आहे. पण कॉलेज निवडायला बसलेल्या मुलीला किंवा मुलाला त्याचा उपयोग थोडा वेगळा आहे. त्या मुलाला काय काय मिळालं ते नीट बघा. स्वतःची म्हणावी अशी एक जागा मिळाली. तीही कुणी दिली नव्हती, त्याने ती छतावर शोधली. कुणी घाई करत नाही असे काही महिने मिळाले. कॉलेजच्या कलाशिक्षणाचा त्यात दिसणारा वाटा म्हणाल तर एक पाठ्यपुस्तक. तेव्हा एखाद्या कॉलेजच्या कलाविभागाचा कस बघायचा असेल, तर तिथून कोण मोठं होऊन गेलं हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. विभाग विद्यार्थ्याला जागा किती देतो, वेळ किती देतो, आणि त्याच्या कामाकडे बघणारी तयार नजर देतो का, हे विचारावं. मी एका शब्दात विचारतो : चावी कुणाकडे असते?

*

आधी हिशेब. अमेरिकेतलं लिबरल आर्ट्‌स कॉलेज म्हणजे साधारण दीड ते तीन हजार विद्यार्थ्यांचं, बहुधा निवासी, चार वर्षांचं कॉलेज. प्रवेश घेताना शाखा निवडायची नसते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मेजर, म्हणजे मुख्य विषय, जाहीर करायचा. तोवर रसायनशास्त्र, तत्त्वज्ञान, जपानी आणि शिल्पकला एकाच सेमिस्टरला घेता येतात. आपल्याकडे दहावीनंतरच 'सायन्स की कॉमर्स' हा प्रश्न ज्यांच्या घरात पाहुण्यासारखा येऊन बसतो, त्यांना हे मोकळं रान वाटतं, आणि ते तसं आहेही.

पण रानाला माप असतं. बऱ्याच कॉलेजांत सेमिस्टरला चार विषय, आठ सेमिस्टर, म्हणजे चार वर्षांत बत्तीस. त्यातले दहा-बारा मेजरचे. 'स्टुडिओ आर्ट' हे मेजर असेल तर त्या दहा-बारांतलेही दोन-तीन कलेतिहासाचे. मग प्रत्यक्ष हाताने काम करायचे उरले आठ-नऊ. ही झाली बीए. याउलट आर्ट स्कूलची पदवी बीएफए. अमेरिकेतल्या कला आणि डिझाइन संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा दंडक असा, की बीएफएच्या अभ्यासात साधारण ६५ टक्के वाटा कलेचा हवा, आणि बीएत तो ३० ते ४५ टक्के असावा. बत्तिसाच्या भाषेत बोलायचं तर बीएफएवाल्याला एकवीस विषय कलेचे, बीएवाल्याला दहा ते चौदा. आपल्या जेजेत पहिल्या दिवसापासून हातात बोर्ड आणि कागद असतो. १८५७ पासूनची ती परंपरा बीएफएच्या कुळातली. लिबरल आर्ट्‌सच्या वाटेने जाणाऱ्याने हा अर्ध्यावरचा हिशेब आधी मान्य करावा, नाहीतर तिसऱ्या वर्षी इन्स्टाग्रामवर आर्ट स्कूलमधल्या मैत्रिणीचं काम बघून पोटात गोळा येतो.

दोन्ही डगरींवर पाय ठेवायची सोयही आहे. ब्राउन विद्यापीठ आणि र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन एकाच टेकडीवर शेजारी शेजारी आहेत. २००८ पासून त्यांचा पाच वर्षांचा दुहेरी पदवीचा कार्यक्रम चालतो. बॉस्टनची म्युझियम स्कूल २०१६ मध्ये टफ्ट्‌स विद्यापीठात सामील झाली, तिथेही पाच वर्षांत दोन पदव्या मिळतात. दोन्ही ठिकाणी पाचव्या वर्षाचा खर्च आलाच, आणि ब्राउनच्या बाबतीत दोन्ही संस्थांनी स्वतंत्रपणे होकार द्यावा लागतो.

मग बत्तिसातले उरलेले वीस विषय वाया जातात का? कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजच्या आवारात एक मंडप आहे. त्याच्या छताला मधोमध चौकोनी भोक, त्यातून आभाळ दिसतं. पहाटे आणि संध्याकाळी छताच्या कडांवर दिव्यांचे रंग सावकाश बदलतात आणि त्यांच्या शेजारी आभाळाचा रंगही बदलल्यासारखा दिसतो. खरंतर आभाळ असतं तसंच असतं, फसतो तो डोळा. हे काम जेम्स टरेलचं, २००७ सालचं. टरेल याच कॉलेजचा १९६५ चा पदवीधर. त्याचा विषय होता संवेदनाचं मानसशास्त्र, म्हणजे डोळा आणि मेंदू मिळून दिसणं कसं घडवतात याचा अभ्यास. प्रयोगशाळेत जे शिकला तेच तो पुढची साठ वर्षं प्रकाशातून घडवत राहिला. उरलेल्या वीस विषयांतून काय निघू शकतं याचा याहून नेमका दाखला मला माहीत नाही. मात्र वीस विषय नुसते 'इतर' म्हणून उरकले तर त्यातून टरेल निघत नाही. मानसशास्त्राच्या वर्गात बसलेलं डोकं आणि स्टुडिओत काम करणारा हात यांची गाठ त्या कॉलेजात पडते का, की दोन इमारतींमधला रस्ता ओलांडायलाही तीन फॉर्म भरावे लागतात, हे तपासायचं असतं.

*

आता सर्वांत जास्त घोटाळा होतो ती जागा : संग्रहालय.

मॅसॅच्युसेट्‌समधलं विल्यम्स कॉलेज, स्थापना १७९३. गाव डोंगरातलं, छोटं. कॉलेजचं स्वतःचं कलासंग्रहालय आहे. गावातच १९५५ मध्ये उघडलेलं क्लार्क संग्रहालय आहे. शेजारच्या नॉर्थ ॲडम्समध्ये विजेचे सुटे भाग बनवणाऱ्या जुन्या कारखान्याच्या अवाढव्य इमारतींत १९९९ पासून समकालीन कलेचं 'मास मोका' आहे. फेझन, स्टोडार्ड आणि पियर्सन या तीन प्राध्यापकांनी तिथे कलेतिहास असा शिकवला, की त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे अमेरिकेतली मोठमोठी संग्रहालयं चालवली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे ग्लेन लॉरी, गुगेनहाइमचे थॉमस क्रेन्स, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीचे अर्ल पॉवेल, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटचे जेम्स वुड, सगळे विल्यम्सचे. कलाजगतात त्यांना चक्क 'विल्यम्स माफिया' म्हणतात.

हे वाचून एखाद्याने 'कलेसाठी विल्यम्स' असं वहीत लिहिलं तर त्याचं चुकलं का? अर्धं चुकलं. ही सगळी कीर्ती कलेतिहासाची. चित्र बघणं, वाचणं, जपणं, टांगणं हे एक शास्त्र, आणि चित्र काढणं दुसरं. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत दोन्ही एकाच 'आर्ट' विभागात नांदतात, पाटी एक आणि चुली दोन. एका चुलीवरच्या पक्वान्नाचा वास दुसरीवर मोजू नये. विल्यम्सचा स्टुडिओ वाईट आहे असं मी म्हणत नाही. मला सांगायचंय ते हे, की तो वेगळा तपासावा लागतो. पेन्सिल्व्हेनियात तर ही वाटणी नकाशावरच दिसते. ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड ही शेजारची कॉलेजं एकमेकांचे विद्यार्थी घेतात. कलेतिहासाचा विभाग ब्रिन मॉरमध्ये, आणि चित्र-शिल्प-छायाचित्रणाचा हॅवरफर्डमध्ये. एका कॉलेजचं माहितीपत्रक वाचून निष्कर्ष काढणाऱ्याची तिथे गंमत होते.

संग्रहालय कधी कामाचं? त्यातली वस्तू विद्यार्थ्याच्या हाती पडते तेव्हा. ओबर्लिन कॉलेजात १९४० पासून चालत आलेली एक चाल आहे. एलन जॉन्सन नावाच्या कलेतिहासाच्या प्राध्यापिकेने ती सुरू केली. दर सेमिस्टरच्या सुरुवातीला संग्रहालयातली अस्सल चित्रं विद्यार्थ्यांना खोलीत टांगायला भाड्याने मिळतात. पिकासो, वॉरहॉल यांच्याही कृती त्यात असतात. भाडं पाच डॉलर. आदल्या रात्री मुलं स्लीपिंग बॅगा घेऊन संग्रहालयाच्या बाहेर मुक्काम ठोकतात. पहिला नंबर लागला पाहिजे ना! सकाळी दार उघडलं की ज्याला त्याला आपलं चित्र बगलेत मारून वसतिगृहाकडे जाताना बघावं. चार महिने ते पलंगासमोर. दात घासताना, आजारी असताना, परीक्षेच्या आदल्या रात्री तेच समोर. चित्रकार होणाऱ्या मुलीला मार्गदर्शकासोबतच्या दहा फेऱ्यांपेक्षा या चार महिन्यांत जास्त कळतं. पोमोनात तर मेक्सिकन चित्रकार ओरोस्कोने १९३० मध्ये रंगवलेला प्रोमिथ्यूस भोजनगृहाच्या भिंतीवरच आहे. आग चोरणारा तो नग्न महाकाय जेवताना सतत डोक्यावर. चव लागते की नाही, कुणास ठाऊक, पण भित्तिचित्र म्हणजे काय हे पुस्तकात शोधायला नको.

*

स्टुडिओ बघायला दुपारी जाऊ नये. कॅम्पस दाखवणारी मुलं दुपारीच नेतात, कारण उजेड छान असतो आणि जागा आवरलेली असते. शक्य असेल तर रात्री दहाला जावं. कुणी काम करतंय का ते दिसतं. दाराशी कार्ड-रीडर असेल तर कुणाचं कार्ड चालतं ते विचारावं. फक्त मेजर जाहीर केलेल्यांचं, की या सेमिस्टरला वर्ग घेतलेल्या प्रत्येकाचं? रात्रभर, की बारापर्यंत? मातीकामाच्या आणि सुतारकामाच्या खोल्यांना वेगळे नियम असतात, कारण तिथे भट्टी आणि करवत असते. तिथे देखरेखीला कुणीतरी लागतं. ते 'कुणीतरी' आठवड्यातून किती तास असतं, यावर तुमचं काम अडतं किंवा पुढे सरकतं.

मग बेसिनकडे जावं. हो, बेसिनकडे. नळाखाली गाळ अडवायची टाकी आहे का, की प्लास्टर आणि माती सरळ पाइपात? ब्रश धुवायची सोय तेलरंगाला वेगळी आहे का? टर्पेंटाइनचा वास दारातच नाकात घुसत असेल तर हवा खेळवायची यंत्रणा एकतर नाही किंवा बंद आहे. मुद्राचित्रणाच्या खोलीत ॲसिडची ट्रे असते, तिच्यावर धूर ओढून घेणारा हूड असावा लागतो. प्रेसच्या रुळांवरची फेल्ट हाताने चेपून बघावी. मऊ आणि स्वच्छ असेल तर यंत्र वापरात आहे. कडक, शाईने कडा काळ्या पडलेली असेल तर कुणी बघत नाही. भिंतीकडची सुकवणीची जाळी भरलेली असेल तर फारच चांगलं. रिकामी जाळी आणि चकचकीत फरशी म्हणजे नवी इमारत आणि कमी काम.

नव्या इमारतीचा एकूणच जरा संशय धरावा, हा माझा पूर्वग्रह समजा. बोडन कॉलेजने २०१३ मध्ये एका जुन्या प्राथमिक शाळेची इमारत कला आणि नृत्यासाठी वापरात आणली. शाळेच्या खोल्या, उंच खिडक्या, रंग सांडला तरी कुणाचा जीव वरखाली होणार नाही अशी जागा. मला हे संगमरवरी प्रवेशद्वारापेक्षा पटतं.

यंत्रसामग्रीत प्रत्येक कॉलेजचा एक हातखंडा असतो आणि एक लंगडी बाजू. स्किडमोरमध्ये चित्र-शिल्पाबरोबर तंतुकला आणि दागिने-धातुकामही शिकवतात, जे इतक्या छोट्या कॉलेजात सहसा सापडत नाही. गंमत म्हणजे तिथली स्टुडिओ आर्टची पदवी बीएस आहे! क्लेअरमाँटच्या स्क्रिप्समध्ये मातीकामाची परंपरा जुनी. पॉल सोल्डनर तिथे शिकवत, आणि समकालीन मातीकामाचं वार्षिक प्रदर्शन तिथे १९४० च्या दशकापासून भरतंय. स्क्रिप्स, पोमोना आणि आणखी तीन पदवी कॉलेजं एकमेकांच्या कुंपणाला लागून आहेत, त्यामुळे एका कॉलेजात नाव घालून दुसऱ्यातल्या भट्टीत भांडं भाजता येतं. असा शेजार असेल तर लंगडी बाजू झाकली जाते. तो नसेल आणि तुमचा जीव नेमका लंगड्या बाजूतच अडकला असेल, तर क्रमवारीत कॉलेज पहिलं असो की पाचवं, काय फरक पडतो?

*

माणसांकडे येऊ. छोट्या कॉलेजात सहसा पदव्युत्तर वर्ग नसतात. याचा फायदा जाहिरातीत येतो : प्राध्यापक तुमचेच, प्रेस तुमचीच. तोटा येत नाही. आर्ट स्कूलमध्ये किंवा मोठ्या विद्यापीठात पंचविशीतला एमएफएचा विद्यार्थी शेजारच्या खोलीत तुमच्यापेक्षा चार पावलं पुढचं काम करत असतो. त्याच्या चुका बघून फार शिकता येतं. छोट्या कॉलेजात सर्वांत पुढचं काम चौथ्या वर्षाचं, आणि तेही पाच-सात जणांचं. म्हणून तिथे बाहेरून येणारे कलाकार महत्त्वाचे. ते व्याख्यान देऊन संध्याकाळच्या विमानाने परततात की आठवडाभर राहून मुलांच्या टेबलाशी बसतात, हे विचारा.

दुसरा तोटा सुट्टीचा. एकेका माध्यमाला एकेकच शिक्षक असतो, आणि अमेरिकन प्राध्यापक ठराविक वर्षांनी अभ्यासरजेवर जातो. तुमच्या तिसऱ्या वर्षी मुद्राचित्रणाचे गुरुजी वर्षभर रजेवर असतील, तर त्यांच्या जागी बदली माणूस येतो किंवा प्रेसवर कापड पडतं. नावाला भुलून जाणाऱ्यांना हे जास्त लागतं. नाव आणि शिकवणं दोन्ही एके ठिकाणी टिकून राहणं ही दुर्मीळ गोष्ट. बार्ड कॉलेजात छायाचित्रकार स्टीफन शोर १९८२ पासून त्या विभागाची धुरा वाहत आले, तसं उदाहरण बोटावर मोजण्याइतकं.

तिसरी अडचण तर दाराशीच उभी असते. ड्रॉइंगच्या पहिल्या वर्गात बारा-पंधरा जागा. जागा देताना वरच्या वर्षांना आणि मेजरवाल्यांना प्राधान्य. पहिल्या वर्षाची मुलगी प्रतीक्षायादीवर. दुसऱ्या सेमिस्टरलाही यादीवर. ड्रॉइंग झाल्याशिवाय पेंटिंग नाही, पेंटिंग झाल्याशिवाय पुढचं नाही. तिसरं सेमिस्टर उजाडतं तेव्हा बत्तिसातले आठ विषय संपलेले असतात आणि हातात अजून कोळसा आलेला नसतो. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका वडिलांनी बावीस कॉलेजांचा तक्ता केला होता : क्रमवारी, हवामान, विमानतळापासूनचं अंतर, शाकाहारी जेवण, सगळे रकाने भरलेले. गेल्या सप्टेंबरात पहिल्या वर्षातल्या किती जणांना ड्रॉइंगच्या वर्गात जागा मिळाली, हा रकाना नव्हता. तो भरायला विभागाला एक ई-मेल पुरते.

*

कला हीच शिक्षणाच्या मधोमध ठेवली तर काय होतं, हे अमेरिकेने एकदा करून पाहिलं आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात १९३३ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेज निघालं. त्याच वर्षी नाझींच्या दबावाखाली जर्मनीतली बाउहाउस शाळा बंद पडली होती. तिथले शिक्षक योसेफ आल्बर्स आणि त्यांची विणकर पत्नी ॲनी यांना या नव्या कॉलेजाने बोलावून घेतलं. आल्बर्सना तेव्हा इंग्रजी जेमतेम येत होतं. ते मुलांना कागद द्यायचे आणि काहीही न चिकटवता, न टाकता त्यातून उभं राहणारं काहीतरी घडवायला सांगायचे. हा वर्ग फक्त होऊ घातलेल्या चित्रकारांसाठी नव्हता. चित्रकला इथे भाषेसारखी, सगळ्यांनी शिकायची. रॉबर्ट राउशेनबर्ग, साय ट्वॉम्बली, तारेच्या विणकामातून लोंबती शिल्पं घडवणाऱ्या रूथ असावा, सगळे इथून गेले. मुलंच शेती करायची, मुलंच इमारती बांधायची. १९५७ मध्ये कॉलेज बंद पडलं, कारण पैसे संपले.

व्हर्मॉन्टचं बेनिंग्टन १९३२ चं, म्हणजे त्याच पिढीतलं. चित्रकार हेलन फ्रँकनथेलर तिथून १९४९ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. ते आजही चालू आहे, आणि दर हिवाळ्यात मुलांनी काही आठवडे बाहेर जाऊन कुठेतरी काम करायचं ही तिथली प्रथाही.

पैसे संपण्याची गोष्ट जुनी झाली असं मात्र समजू नये. कॅलिफोर्नियाचं मिल्स कॉलेज २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठात विलीन झालं. १८७१ सालचं सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट त्याच वर्षी पदव्या द्यायचं थांबलं. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्‌सने तर २०२४ च्या ३१ मेला जाहीर केलं की ७ जूनला आपण बंद होतोय. सात दिवस! मुलांची अर्धी कामं अजून भिंतीवर असतील. कॉलेजच्या ठेवी किती आणि विद्यार्थिसंख्या चढती की उतरती, हे दोन आकडे कलाविभागाच्या माहितीपत्रकात छापत नाहीत, पण तेही वाचावेत.

*

इतकं सगळं जमत नसेल, अमेरिकेला जाऊन रात्री दहाला बेसिन बघणं तर नाहीच नाही, तर एकच गोष्ट करावी. चौथ्या वर्षाचं प्रदर्शन बघावं. बहुतेक कॉलेजांत एप्रिल-मेमध्ये मेजरवाल्यांचं शेवटचं प्रदर्शन भरतं आणि त्याची छायाचित्रं कॉलेज मोठ्या हौसेने संकेतस्थळावर टाकतं. एका वर्षाचं बघून भागत नाही. लागोपाठ चार-पाच वर्षांचं बघा. सगळ्यांची कामं एकाच हाताची वाटत असतील तर तो हात शिक्षकाचा आहे. सगळी कामं नुसती 'कल्पना' असतील आणि कुठेच साहित्यावर पकड दिसत नसेल, तर स्टुडिओचे तास कमी पडले आहेत. एखाद्या मुलाने जीवशास्त्रातलं काही उचलून त्याचं खरंच चित्र केलं असेल, नुसतं सूक्ष्मदर्शकाखालचं पेशींचं वॉलपेपर नाही, तर तिथे दोन इमारतींमधला रस्ता मोकळा आहे.

आणि मग चौथ्या वर्षी स्वतःची जागा मिळते का ते विचारा. काही कॉलेजं प्रत्येक मेजरवाल्याला वर्षभरासाठी खोली किंवा निदान तीन भिंतींचा कोपरा देतात. चावी तुमची, पसारा तुमचा. काही फक्त ऑनर्स मिळालेल्यांना देतात. काही कुणालाच देत नाहीत. दर वर्गानंतर कॅनव्हास उचलून कपाटात ठेवायचा आणि परवा पुन्हा लावायचा. मोठं काम, सुकायला वेळ लागणारं काम, न आवडल्यामुळे महिनाभर नुसतं बघत बसायचं काम, तिथे होत नाही. वॉटरसन छतावर गेला तो यासाठीच, असं मला कधी कधी वाटतं. छत रोज कुणी आवरायला सांगत नाही.

त्या कोपऱ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी क्रिट, म्हणजे एकमेकांच्या कामावरची चर्चा, भरतं. काम भिंतीवर, बाकीचे दहा जण अर्धवर्तुळात, हातात कॉफी. चांगल्या क्रिटचा पहिला भाग शांत असतो. काम करणाऱ्याने बोलायचंच नाही. बाकीच्यांनी दिसतंय ते सांगायचं : डावीकडे जास्त वजन आहे, हा हिरवा पुढे येतो, मला हे घर ओसाड वाटतं. ते घर ओसाड नसतं, ते तिच्या आजीचं भरलेलं घर असतं, आणि ती ओठ दाबून गप्प बसलेली असते. आपण केलेलं आणि दुसऱ्याला दिसलेलं यांतली फट तिला तिथे पहिल्यांदा दिसते. वाईट क्रिट ओळखू येतं : सगळे 'छान आहे' म्हणतात, किंवा सगळा वेळ एकटे शिक्षकच बोलतात. बऱ्याच विभागांत पाहुण्याला मागे बसू देतात. ऑनलाइन बसू देता का, हेही विचारायला हरकत नाही.

*

खर्चाचं थोडक्यात. नामवंत कॉलेजांचा शिकणं-राहणं धरून वर्षाचा छापील खर्च ८०,००० डॉलरच्या वर जातो. पण काही कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही घरच्या ऐपतीप्रमाणे पूर्ण मदत देतात, आणि ॲमहर्स्ट, बोडन अशी मोजकी तर प्रवेश ठरवताना ऐपत बघतच नाहीत. साहित्याचा खर्च, म्हणजे रंग, कॅनव्हास, तांब्याचे पत्रे, त्या मदतीत धरतात का, हे वेगळं विचारावं. पदवीनंतर सध्याच्या नियमांप्रमाणे अमेरिकेत वर्षभर काम करता येतं. संगणक किंवा गणितवाल्यांना मिळणारी दोन वर्षांची वाढ स्टुडिओ आर्टला नाही. म्हणून बरीच मुलं दोन मेजर करतात. पुढे शिकवायचं असेल तर एमएफए लागते, आणि तिथे प्रवेश कामावर होतो. बीए की बीएफए, हे तिथे कुणी फारसं विचारत नाही. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात येलच्या नॉरफकच्या शाळेत सहा आठवडे जायला मिळालं तर सोनं. तिथे कॉलेजनेच नाव सुचवावं लागतं, तेव्हा तुमचं कॉलेज दरवर्षी नाव पाठवतं का, हाही एक प्रश्न.

राहिला पोर्टफोलिओ. लिबरल आर्ट्‌स कॉलेजात तो बहुधा सक्तीचा नसतो, पण पाठवला तर कलाविभागातलं कुणीतरी बघतं. दहा-वीस चित्रं, स्लाइडरूम नावाच्या सेवेतून चढवायची. महाराष्ट्रातल्या मुलांकडे इथे एक जमेची बाजू आहे आणि तीच अडचणही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेल्या हाताला वस्तुचित्र येतं. तांब्यावरचा उजेड, वांग्याची चकाकी, घडी पडलेलं कापड, सगळं जागच्या जागी. पण 'ए' ग्रेडचं प्रमाणपत्र ओहायोतल्या शिक्षकाला काही सांगत नाही, आणि बारा तांबे बघून त्याला एवढंच कळतं की या मुलीला तांब्या येतो. वर फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले, कागदावर मोबाइलची सावली, एक कोपरा कापलेला. निदान चित्र खिडकीशी सरळ टेकवून सकाळी तरी काढा.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तांब्यांचे दोन कागद ठेवले आणि बाकीचे काढून टाकले. त्यांच्या जागी तिने वहीतली पानं घातली. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या अकरा टाक्या होत्या. लॉकडाउनमध्ये दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं म्हणून तिने त्याच काढल्या : दुपारच्या, पावसातल्या, झाकण उडालेल्या, एक गळकी जिच्याखाली शेवाळ धरलं होतं. काही पानं फसलेली, खोडलेली, तशीच. कॉलेजने प्रवेश दिला, पत्रात चित्रांबद्दल अवाक्षर नव्हतं. सप्टेंबरात ड्रॉइंगच्या पहिल्या वर्गात शिक्षिका हजेरी घेत होत्या. तिचं आडनाव उच्चारताना तीनदा अडखळल्या, मग यादीवरून मान वर करून त्यांनी विचारलं, "टाक्या तूच काढल्यास ना? ती गळकी शेवटी दुरुस्त केली का कुणी?"